पीटरच्या रेघेवरचे नारळ

अहो,

सा. न. वि. वि.

एवढं लिहिलं आणि हात थांबला. माहेराहून पत्र घालायचे तेव्हा यापुढे आपसूक "इकडील सर्व क्षेम" उतरायचं. आता ते कुठल्या तोंडानं लिहू? आणि तिकडचं क्षेम विचारावं तर उत्तर कोण धाडणार?

तरी लिहितेय, कारण काल शर्यत झाली. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या सायकली काल आपल्या दारावरून गेल्या आणि तुम्ही ओट्यावर नव्हतात. दर वर्षी निकाल आला की तुम्ही तो चाळभर ओरडून सांगायचात. यंदा सगळ्या चाळीला कळला, फक्त तुम्हाला सांगायचा राहिलाय. तो सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

गणपती विसर्जन झाले आणि तुम्ही अंथरूण धरलंत ते धरलंतच. कावीळच तर आहे, उतरेल, असं मीच सगळ्यांना सांगत होते. डोळे पिवळे झाले होते, कूस बदलायची ताकद नव्हती, आणि तुम्हाला चिंता कसली होती? "इंदू, शर्यतीचं बंद पडू देऊ नकोस हं."

मी म्हटलं, "आधी औषध घ्या."

"रेघा ओढायच्या, नारळ घ्यायचे. त्यात काय आहे? तुला जमेल."

शेवटी शेवटी माझ्याकडे मागितलंत ते एवढंच. माझं पुढे कसं व्हायचं, त्याबद्दल अवाक्षर नाही. मनातून इतकी चिडले होते मी. मूल नाही, बाळ नाही, बायको मागे एकटी राहणार, आणि या माणसाला सायकली सुचतायत.

हे सगळं सुरू झालं ते दळवी आणि सामंतांच्या भांडणातून, आठवतं ना? सामंतांचा ग्रँट रोडच्या रुस्तमवर जीव, दळवी पुण्याच्या पोरांचे. दोघं ओट्यावर एकमेकांच्या अंगावर धावून गेले, पाच पाच रुपयांची पैज लागायची पाळी आली. तुम्ही मध्ये पडलात. "पैसे नकोत. पैसे आले की शेजार जातो. नारळ लावा."

मग काय, तुमची कचेरीच उघडली. ओट्यावर खडूनं रेघा, एका सायकलवाल्याची एक. रेघेच्या टोकाला त्याचं नाव. एका बिऱ्हाडाचा एक नारळ, त्यावर ज्याची त्याची खूण. तो आपल्या माणसाच्या रेघेवर ठेवायचा, शेंडी पुण्याच्या दिशेला. तुमचं म्हणणं, शेंडी मुंबईकडे असली तर गडी उलटा फिरेल. चांगले शिकलेसवरलेले कारकून तुम्ही, फोर्टात जाणारे, आणि ही अक्कल.

ज्याचा माणूस पहिला येईल त्याला सगळे नारळ. पण त्यानं आठ दिवसांत त्यांच्या वड्या करून घरोघर वाटायच्या. म्हणजे जिंकायचं पुरुषांनी आणि विळीवर बसायचं बायकांनी. ज्या वर्षी सामंत जिंकले त्या वर्षी सामंतबाईंच्या बोटाला खोवताना कापलं, तेव्हा त्यांनी नवऱ्याला साऱ्यांदेखत बजावलं होतं, "पुढच्या खेपेला हरणाऱ्यावर लावा, सांगून ठेवते." किती हसलो होतो आपण.

हा खेळ चालवणाऱ्यानं स्वतः नारळ लावायचा नाही, हाही तुमचाच नियम. आणि शेवटचा नियम असा, की पहिल्या आलेल्याच्या रेघेवर कुणाचाच नारळ नसेल तर सगळे नारळ चालवणाऱ्याच्या घरी. सामंत म्हणाले होते, "म्हणजे आम्ही सगळे हरलो तर तुमची चंगळ." तुम्ही म्हणालात, "माझी कसली? इंदूची. खोवायचं तिलाच." तसं कधी झालं नाही. रुस्तम दर वर्षी नाही तरी वर्षाआड पहिला यायचाच, नाहीतर पुण्याचा कुणीतरी, आणि चाळीतले नारळ त्यांच्याच रेघांवर.

पीटरच्या रेघेवर कधी कुणी नारळ ठेवला नाही. ठेवणार तरी कोण? वसईचा तो काटकुळा पोरगा, दर वर्षी काहीतरी विघ्न. कधी चेन निसटली, कधी घाटात म्हैस आडवी आली, पंक्चर तर ठरलेलंच. आणि तुमचा जीव नेमका त्याच्यावर. का, तर पहिल्या वर्षी त्यानं तुमच्या हातातली सोललेली मोसंबी धावत्या सायकलवरून घेतली आणि "थँक्यू साहेब" म्हणाला. तुम्हाला तोवर साहेब कुणी म्हटलं नव्हतं. तेव्हापासून शर्यतीच्या सकाळी मी मोसंबी सोलायची आणि तुम्ही टोपी सावरत रस्त्याच्या कडेला उभे. नारळ लावता येत नाही म्हणून मोसंबी.

तुम्ही गेलात आणि नारळाशी माझं नातंही तुटलं. हे तुमच्या कधी डोक्यात आलं होतं का हो? लग्न झाल्यापासून कुणाकडेही गेले तरी निघताना ओटी भरली जायची. तांदूळ, खण नसला तरी नारळ हा असायचाच. तो पदरात घेऊन घरी यायचे आणि तुम्ही विचारायचात, "काय, आज आमटीला खोबरं का?" त्याचं मोल मला कधी वाटलं नाही. आता कुणी भरायचं म्हटलं तरी भरता येत नाही.

संक्रांत झाली. सामंतांकडे हळदीकुंकू होतं. मधली भिंत ती काय, कागदाच्या जाडीची. बायकांच्या बांगड्या, हसणं, "घ्या हो, तिळगूळ घ्या", सगळं ऐकू येत होतं. मी दिवा लावला आणि पोळपाट घेऊन एकटीसाठी पोळ्या लाटत बसले. दोन झाल्यावर आठवलं की मला एकच लागते.

दुसऱ्या दिवशी नळावर सामंतबाई भेटल्या. माझ्याकडे न बघता बादली भरली आणि निघून गेल्या. त्यांना तरी काय म्हणू, रीतच आहे तशी. पण इतकी वर्षं ज्या बाईनं माझ्याकडून विरजण नेलं, तिनं मान वर करू नये? रडू आलं ते नळावरच आलं, पाण्याच्या आवाजात खपून गेलं.

आणि तुम्ही सांगून गेलात की नारळ घे. विधवेच्या दारात नारळ ठेवायला कोण येणार होतं? एवढा हिशेबी माणूस तुम्ही, एवढं तुम्हाला कळलं नाही?

गिरगावातून अप्पा दोनदा येऊन गेला. तुम्हाला माहीत आहे माझा भाऊ, बोलतो तेव्हा सगळ्या चाळीला ऐकू जातं. "बिऱ्हाड मोड. इथं तुझं कोण आहे? आमच्यात येऊन रहा." वहिनी चांगली आहे. पण तिच्या स्वयंपाकघरात मी कोण? कोपऱ्यातली आत्या. इथं निदान मोरीतला दगडसुद्धा तुम्ही बसवलेला आहे.

मग मी मनाशी ठरवलं. तुम्ही सांगितलंय तसं करायचं, रेघा ओढायच्या. नारळ आले तर मी मुलुंड सोडणार नाही. एकही आला नाही तर अप्पाला निरोप धाडायचा आणि ट्रंक भरायला घ्यायची. हे कुणाला बोलले नाही. तुमच्याशीच बोलत होते, भिंतीकडे तोंड करून.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी कोनाड्यातला तुमचा खडू काढला. वर्तमानपत्रात नावं आली होती, ती बघून रेघा ओढल्या. तुमच्या रेघा फूटपट्टीनं मारलेल्या असायच्या, माझ्या रांगोळीच्या हातानं वाकड्यातिकड्या आल्या. पीटरचं नाव मी सगळ्यात आधी लिहिलं, तेवढा पक्षपात केला.

आणि दारात बसून राहिले. माणसं कचेरीतून परत येत होती. ओट्याकडे बघत, थबकत, चपला काढून आपापल्या घरात जात. सामंत आले, त्यांनी नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि आत गेले. दिवेलागण झाली. ओटा रिकामाच. मी पाट उचलला, आत गेले आणि कॉटखालची ट्रंक बाहेर ओढली. तुमचा कोट वर खुंटीला होता. त्याला धरून मी म्हटलं, "बघितलंत? सांगत होते ना मी."

तेवढ्यात बाहेर दळवींचा आवाज. "वहिनी, रेघा कुठून वाचायच्या? डावीकडून का?"

बाहेर आले तर दळवी नारळ घेऊन उभे. त्यांचा तो कोळशानं इंजिन काढलेला नारळ, रेल्वेतल्या माणसाची खूण. त्यांनी तो पीटरच्या रेघेवर ठेवला.

मी म्हटलं, "दळवी, तुम्ही पुण्याचे ना?"

"यंदा पीटर," ते म्हणाले आणि शेंडी नीट करून गेले.

मग एकेक दार उघडलं. सगळ्यांचे नारळ पीटरवर. कोपऱ्यातले बर्वे मास्तर, ज्यांना सायकल बसायची की चालवायची तेही सांगता आलं नसतं, त्यांनीसुद्धा चष्मा लावून पीटरचं नाव शोधलं. शेवटी सामंतबाई आल्या. नारळ ठेवायला दर वर्षी सामंत यायचे, यंदा त्या. माझ्याकडे बघितलं नाही. फुली काढलेला नारळ पीटरच्या रेघेवर ठेवला, शेंडी पुण्याकडे केली आणि पदर सावरत गेल्या. रुस्तमवर जीव टाकणारं घर ते. आणि रुस्तमची रेघ कोरी.

मला काय वाटणार? वाटलं, तुमच्यासाठी. तुमच्या लाडक्यासाठी तुमच्या माघारी सगळी चाळ उभी राहिली. मी ट्रंक पायानं आत ढकलली आणि तुमच्या उशीत तोंड खुपसून रडले. आता हा जिंकला पाहिजे, एवढंच मागत होते देवाकडे. एकदा जिंकू दे, म्हणजे यांना सांगायला काहीतरी होईल.

सकाळी मोसंबी सोलली. रस्त्याच्या कडेला कधी मी उभी राहिले नव्हते, पांढऱ्या कपाळानं तर नाहीच. पण उभी राहिले. नाहूरच्या बाजूनं सायकली दिसल्या. पीटर पहिल्या घोळक्यात होता. लांबूनच त्याची मान इकडेतिकडे फिरत होती. तुमची टोपी शोधत होता तो. मी हात पुढे केला. त्यानं मोसंबी घेतली, माझ्याकडे बघितलं, माझ्या कपाळाकडे बघितलं. थँक्यू म्हणाला नाही. पुढे गेल्यावर त्यानं मागे वळून बघितलं, भर शर्यतीत. तुमच्या जाण्याबद्दल पुष्कळ लोक येऊन बोलून गेले, पण त्या पोराच्या त्या बघण्यानं मी जेवढी मोडले तेवढी कुणाच्या बोलण्यानं नाही.

दुपारी दळवी स्टेशनातून आले. लोणावळ्याच्या स्टेशनावरचा त्यांचा दोस्त दर वर्षी फोनवरून कळवतो ना, तसंच. "घाट चढून पीटर पुढे आहे. चांगला पुढे."

मी टाळ्या वाजवणार, तर बघते काय, सगळ्यांची तोंडं उतरलेली. दळवी मान खाजवत होते. सामंतबाई दारात उभ्या राहून पदराचं टोक चावत होत्या. बर्वे मास्तर म्हणाले, "अजून बराच रस्ता आहे म्हणा." मला कळेना. यांचेच नारळ, यांचाच माणूस पुढे, आणि हे सुतक कसलं? माझा संताप झाला. पण कुणाला बोलायचं, तुम्ही असतात तर बोलले असते.

उन्हं कलल्यावर दळवी पुन्हा आले, या खेपेला धावत. "पुण्याचा कुणी नवाच पोरगा पहिला आला. पीटर दुसरा. दापोडीला पंक्चर झाला बिचारा."

आणि चाळीनं टाळ्या वाजवल्या.

माझा तोल गेला. "लाज नाही वाटत? त्यांचा एवढा लाडका पोरगा, दारात येऊन हरला, आणि तुम्ही टाळ्या वाजवताय? मग कशाला लावलेत त्याच्यावर नारळ?"

मग सामंतबाई ओट्यावर आल्या. पीटरच्या रेघेवरचा आपला फुलीचा नारळ त्यांनी उचलला. "पहिल्या आलेल्याच्या रेघेवर नारळ आहे का कुणाचा?"

"नाही," मी म्हटलं.

"मग नियम काय आहे? तुमच्या यजमानांचाच आहे. सांगा."

तोवर माझ्या डोक्यात उजेड पडला होता.

"पदर पुढे करा," त्या म्हणाल्या.

मी दोन पावलं मागे सरले. "अहो, काय करताय? मला चालत नाही."

"ही ओटी नाही. शर्यतीचा नारळ आहे. त्याला कुठलं शास्त्र आडवं येतं?" त्यांनी नारळ पुढे धरला. "संक्रांतीला तुम्हाला बोलावता आलं नाही. घरात सासूबाई आहेत, माझं काही चालत नाही. दुसऱ्या दिवशी नळावर तुमच्याकडे बघायचा धीर झाला नाही मला. पण याला कोण काय म्हणेल? तुम्ही जिंकलात, तुम्हाला मिळाला. करा पदर पुढे."

मी पदर पुढे केला. अहो, मी खरंच केला. त्यांनी नारळ ठेवला, मग दळवींच्या बायकोनं, मग सगळ्यांनी. पदर फाटेल इतके झाले. सामंतबाई खालून हात देऊन उभ्या होत्या आणि आम्ही दोघी त्या ओझ्याखाली वाकून रडत होतो. त्यातच त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या भावाचं बोलणं ऐकू येतं मला भिंतीतून. इथं कोण आहे म्हणे. सांगा त्याला कोण आहे ते."

पीटर कधीच जिंकत नाही म्हणून त्याच्यावर लावले होते हो सगळ्यांनी. तो पुढे आहे कळल्यावर म्हणून तोंडं उतरली. मी देवाकडे तो जिंकावा म्हणून मागणं मागत होते आणि ही सगळी माणसं तो हरावा म्हणून. देवानं त्यांचं ऐकलं. बिचाऱ्या पीटरला यातलं काही माहीत नाही, तो वसईला जाऊन पंक्चरला शिव्या देत असेल.

मी म्हटलं, "पण वड्या कशा करू? वर्ष व्हायचंय, घरात गोड करता येत नाही." सामंतबाईंनी डोळे पुसले. "मग लसणाची चटणी करा. पुरुषांना कळतंय काय, नुसतं खोबरं पोटात गेल्याशी कारण." दळवींनी नारळ फोडून दिले. आज ओटाभर वाट्या वाळत पडल्यात आणि सामंतबाई दारात बसून कावळे हाकलतायत. तिखट कितपत घालायचं ते विचारायला मी दोनदा आत वळले. आत तुम्ही नाही, ते तिथं गेल्यावर कळलं.

एक विचारायचं होतं. तो शेवटचा नियम तुम्ही असाच केला होतात का, थट्टेत? का तुमच्या मनात काही होतं? नसणारच. तुम्हाला एवढा पुढचा विचार कधी करता आला, मोरीची उताराची बाजूसुद्धा उलटी केलीत. तरी विचारावंसं वाटतं. विचारायला माणूस नाही, याची सवय कधी होणार मला?

तर ऐका. अप्पाला पत्र टाकतेय की मी येत नाही. बर्वे मास्तरांच्या ओळखीनं बालवाडीत जागा आहे, सोमवारपासून जाईन. वर्षश्राद्ध झालं की वड्या करीन, राहिलेल्या सगळ्या. पुढल्या माघात रेघा मी ओढीन, फूटपट्टी घेऊन. पीटरला मोसंबी देईन आणि शर्यतीआधी कुठे भेटला तर साहेब कुठे गेले तेही सांगेन. वचन देते.

आणखी एक. चालवणाऱ्यानं नारळ लावायचा नाही, म्हणून इतकी वर्षं तुम्ही हात चोळत उभे राहिलात. आता चालवणारी मी आहे. तुम्हाला लावायला काही हरकत नाही. म्हणून कालच्यातला एक मी फोडू दिला नाही, कोनाड्यात ठेवलाय, तुमच्या खडूशेजारी. पुढल्या वर्षी तो पीटरच्या रेघेवर ठेवीन, शेंडी पुण्याकडे करून. जिंकलात तर खोवायचं मलाच आहे.

तुमची,
इंदू